अंगण न उकरता ड्रेनेजची लाइन दुरुस्त करायची असेल तर

न्हाणीत दोन बादल्या पाणी ओतलं की संडासाच्या भांड्यात गुडगुड होते. पावसाळ्यात मागच्या चेंबरभोवतीची फरशी वाळतच नाही. वर्षातून तीन-चार वेळा बांबूची कांब घालून लाइन मोकळी करावी लागते आणि कांबेच्या टोकाला केसांच्या जटेसारखी बारीक मुळं निघतात. इतकं झालं की ठरलेला सल्ला मिळतो: अंगण फोडा, जुने पाइप काढा, पीव्हीसी टाका.

हा सल्ला काही घरांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. जमिनीत गाडलेल्या जुन्या पाइपाच्या आतच नवा पाइप तयार करण्याची पद्धत १९७१ साली लंडनमध्ये एरिक वुड या अभियंत्याने पहिल्यांदा वापरली. तेव्हा ती मोठ्या नगर-गटारांसाठी होती. आज ४ आणि ६ इंची घरगुती लाइनलाही ती चालते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कुठल्या घराला तिचा फायदा आहे आणि कुठल्या घराने सरळ कुदळ हातात घ्यावी, हे ओळखणं यातलं अर्धं काम आहे.

खोदकामाचा खरा हिशेब

समजा लाइन १० मीटर लांब आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. माणसाला वाकून काम करायचं तर चर किमान पाऊण मीटर रुंद हवा. म्हणजे ९ घनमीटर, आपल्या भाषेत सव्वातीन ब्रास माती. उकरल्यावर ती फुगते आणि चार ब्रासच्या आसपास जाते. हा ढीग ठेवायला जागा हवी, आणि बेळगावातल्या शहापूर किंवा वडगावच्या गल्लीत तीच नसते. तिथली घरं अरुंद आणि लांबच लांब, भिंतीला भिंत लागलेली. संडास परसात, यूजीडीचा, म्हणजे भुयारी गटाराचा, मॅनहोल पुढच्या रस्त्यावर, आणि लाइन मधल्या घराखालून किंवा दोन घरांच्या बोळातून आलेली. अशा ठिकाणी खोदायचं म्हणजे सोपा, माजघर, शहाबादी फरशी आणि पुढचा कट्टा, सगळं एका रेषेत फुटणार.

जुन्या घरांचा पाया दगड-मातीचा किंवा दगड-चुन्याचा असतो. त्याला समांतर आणि त्याच्याइतकाच खोल चर मारला की पायाखालची माती बाजूला सरकायला मोकळी होते. शेजाऱ्याची सामाईक भिंत असेल तर तडा त्याच्या घरात जातो आणि प्रश्न प्लंबिंगचा राहत नाही.

निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळी माती वेगळा त्रास देते. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते. चर बुजवताना तीच माती ढेकळांसकट परत टाकली तर पहिल्या पावसाळ्यात चर बसतो आणि वरची फरशी दबते. मुळात या मातीच्या हालचालीनेच जुने सांधे उघडलेले असतात. भाजलेल्या मातीचे तपकिरी, चकचकीत स्टोनवेअर पाइप बहुधा ६० सेंटिमीटरच्या तुकड्यांत येत. १० मीटरमध्ये असे सोळा-सतरा तुकडे आणि प्रत्येक सांधा सिमेंटने भरलेला. सिमेंटचा सांधा वाकत नाही, तडकतो. तडकला की पाणी बाहेर, मुळं आत. आत लाइनर, म्हणजे जुन्या पाइपाच्या आत घट्ट होणारी सलग नळी, बसवल्यावर १० मीटरमध्ये एकही सांधा उरत नाही. फरशी वाचते हे सगळ्यांना दिसतं, पण खरा मोठा फायदा सांधे जाण्याचा आहे.

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला जांभा आहे. तो उकरायला कठीण आणि पाणी झिरपायला सोपा. ज्या घरात अजून आड वापरात आहे, त्यांनी गळक्या लाइनकडे आधी याच नजरेने बघावं. जुन्या बेळगावात आणि टिळकवाडीत विहिरींचं पाणी आजही वापरलं जातं. १९२४च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर तर गावाची खूण आहे. आडाच्या पाण्याला वास नसला म्हणून ते शुद्ध ठरत नाही. प्रयोगशाळेत कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण देणाऱ्या, जंतूंची तपासणी करून घ्या. लाइन दुरुस्त झाल्यावर आड उपसून, क्लोरीन टाकून पुन्हा तपासा.

आधी बघा, मग ठरवा

कॅमेऱ्याआधी घरच्या घरी होणाऱ्या तीन तपासण्या आहेत. त्यांनी निम्मे निर्णय होऊन जातात.

पहिली आरशाची. सकाळी दहा-अकराला, ऊन कडक असताना, लागोपाठच्या दोन चेंबरांची झाकणं काढून थोडा वेळ हवा खेळू द्या. एकाने वरच्या चेंबरच्या तळाशी काठीला तिरपा बांधलेला आरसा धरायचा आणि दुसऱ्या आरशाने त्यावर उन्हाचा कवडसा पाडायचा. खालच्या चेंबरमध्येही काठीचा आरसा ठेवून दुसऱ्याने वरूनच बघायचं. पाइप सरळ असेल तर पौर्णिमेच्या चंद्रासारखं पूर्ण वर्तुळ दिसतं. चंद्र खालून कापलेला दिसला तर तळाशी गाळ किंवा पाणी साचलंय. नुसती कोर दिसली तर पाइप मध्ये बसलाय किंवा सरकलाय. काहीच दिसलं नाही तर मध्ये वळण आहे किंवा लाइन पूर्ण बंद आहे. या तपासणीसाठी चेंबरमध्ये उतरायची गरज नाही आणि उतरूही नये. कारण पुढे येईलच.

दुसरी तपासणी उताराची. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे काढा आणि दोन्ही चेंबरच्या काठावर एकाच पातळीची खूण करा. त्या खुणेपासून प्रत्येक चेंबरमधल्या पाइपाच्या तळापर्यंत पट्टीने मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे लाइनचा उतार. जुना, भरवशाचा नियम असा की ४ इंची लाइनला ४० फुटांत १ फूट आणि ६ इंचीला ६० फुटांत १ फूट. १० मीटरच्या ४ इंची लाइनला २५ सेंटिमीटर फरक यायला हवा. १५-१६ आला तरी काम चालून जातं. ४-५ आला, किंवा खालचं चेंबरच वर निघालं, तर पुढचं काही वाचू नका, ती लाइन खोदावीच लागेल.

तिसरी पाण्याची. खालच्या चेंबरमध्ये येणारं पाइपाचं तोंड हवेच्या फुग्याने किंवा गोणपाटाच्या घट्ट बोळ्याने बंद करा. बोळ्याला दोरी बांधायला विसरू नका, नाहीतर तो पुढच्या लाइनमध्ये निघून जातो. वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा, पण घरातल्या सगळ्यात खालच्या जाळीच्या खालीच थांबा, नाहीतर न्हाणीत मैला वर येईल. अर्धा तास जाऊ द्या, कारण जुने सांधे आणि चेंबरची वीट पाणी पितात. पुन्हा भरून खडूने खूण करा. पुढच्या अर्ध्या तासात पातळी वीतभर उतरली तर लाइन गळतेय हे नक्की. नेमकं कुठे, ते कॅमेरा सांगेल.

कॅमेरा म्हणजे लवचीक दांड्याच्या टोकाला बसवलेला, दिवा असलेला छोटा गोळा. चित्रीकरण करताना पडद्यावर अंतर मीटरमध्ये दिसलं पाहिजे, नाहीतर ते चित्रीकरण फक्त बघण्यापुरतं. प्रत्येक दोषाचं अंतर आणि घड्याळाप्रमाणे जागा लिहून घ्या: ३.४ मीटरवर, १० वाजता, न्हाणीचा जोड, ५.८ मीटरवर, वरच्या बाजूला, मुळं. कॅमेऱ्याच्या डोक्यात संकेत पाठवणारं यंत्र असेल तर जमिनीवरून त्याची जागा शोधून फरशीवर खडूने फुली मारता येते. हा कागद जपून ठेवा, पुढचं सगळं काम त्यावर चालतं. आणि लाइन स्वच्छ केल्यानंतर पुन्हा एकदा कॅमेरा घालायला लावा. गाळाखाली काय दडलंय ते पहिल्या फेरीत कळत नाही.

कुठे जमत नाही

लाइनर जुन्या पाइपाच्या आकाराला चिकटतो. जुना पाइप मध्ये बसून पोट निघालं असेल तर नव्या पाइपालाही तेच पोट येतं. शहरालगत भातशेतीत भराव टाकून उभ्या राहिलेल्या वसाहतींत हा दोष हमखास सापडतो. भराव खाली बसतो आणि पाइप त्याच्याबरोबर जातो. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पाणी साचत असेल तर सोडून द्या. अर्धा पाइप भरून राहत असेल तर तेवढा तुकडा उकरून उतार नीट करा आणि बाकीच्या लाइनला लाइनर घ्या. अशी मिसळ करण्यात कमीपणा काही नाही.

पाइप ढासळून बंद झाला असेल, सांधा अर्ध्या व्यासाइतका सरकला असेल, किंवा वळणावर चेंबरच बांधलं नसेल, तिथेही खोदणंच बरं. आणि लाइन मोकळ्या परसातून, केळीच्या आळ्याशेजारून, अडीच फूट खोलीवरून जात असेल तर लाइनरचा खर्च कशाला? दोन माणसं दिवसभरात ती लाइन उघडतील. दर मीटरला लाइनर साध्या पीव्हीसीपेक्षा महाग पडतो. तो परवडतो तो वरची फरशी, भिंत, झाड, रस्ता यांच्या किमतीमुळे. म्हणून तुलना करताना खोदकामाच्या बाजूला फक्त मजुरी आणि पाइप धरू नका. फरशी, राडारोडा वाहून नेणं, रस्ता कापण्याची परवानगी व भरपाई आणि तुळशी कट्टा परत बांधणं, हे सगळं त्यात मिळवा.

लाइनर कसा बसतो

लाइनर म्हणजे फेल्टची, नमद्यासारख्या जाड कापडाची नळी. तिला एका बाजूने प्लास्टिकचा थर असतो. या कापडात रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा चिकट द्रव, जिरवायचं, नळी जुन्या पाइपात उलटत न्यायची आणि घट्ट होऊ द्यायची. मोठ्या गटारांना पॉलिएस्टर रेझिन चालतं, पण त्यातल्या स्टायरीनचा उग्र वास ट्रॅपमधून घरात शिरतो आणि ते आकसतंही. घरात एपॉक्सीच घ्या.

पहिलं काम सफाई. प्रेशर जेटने गाळ आणि चरबी काढायची, मुळं असतील तर कापणीच्या फाळाने पाइपाच्या भिंतीलगत छाटायची. तडकलेल्या स्टोनवेअरमध्ये जेट एका जागी धरून ठेवला तर तुकडा निखळतो, म्हणून दाब कमी आणि नोझल हलतं हवं. साखळ्या फिरवून घासणारी डोकी जुन्या मातीच्या पाइपात घालू देऊ नका. आदल्या आठवड्यात कुणी लाइनमध्ये ॲसिड ओतलं असेल तर तेही सांगा. ॲसिड चोकअप काढतं की नाही हा नशिबाचा भाग, सिमेंटचे सांधे आणि चेंबरचा गिलावा मात्र नक्की खातं. मुळं मारायला मोरचूद टाकायचा सल्लाही मिळतो, पण जवळ आड असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

मग रेझिनचा हिशेब. ४ इंची म्हणजे १०० मिलिमीटर पाइप, ३ मिलिमीटर जाडीचा लाइनर, लांबी १० मीटर. परीघ ०.३१४ मीटर, गुणिले ०.००३, गुणिले १०, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर, वजनात साडेदहा किलोच्या आसपास. कापडाच्या धाग्यांनी व्यापलेली जागा वजा आणि सांध्यांत मुरणारं रेझिन अधिक, असं करून आकडा जवळपास तिथेच राहतो. ६ इंची लाइनला साडेचार मिलिमीटरचा लाइनर धरला तर तेवढ्याच लांबीला २१ लिटर लागतं. ठेकेदाराने १० मीटर ४ इंची लाइनला पाच किलोचा डबा उघडला तर तिथेच थांबवा. कोरडं राहिलेलं कापड वर्ष-दोन वर्षांत सोलून लोंबतं आणि तेच नवं चोकअप होतं.

एपॉक्सीचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजून मिसळायचे. डोळ्यांच्या अंदाजाला इथे जागा नाही. हळू फिरणाऱ्या ड्रिलच्या पात्याने तळ आणि कडा खरवडत, रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत घोटायचं. मिश्रण बादलीत ठेवून चहाला गेलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. म्हणून एप्रिल-मेमध्ये काम सकाळी लवकर सुरू करावं, डबे रात्रभर सावलीत, पाण्याच्या टबात ठेवावेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलट होतं. पाइपाच्या तळाशी रेझिन तासन्‌तास ओलं राहतं आणि घाई करणारा दाब लवकर सोडतो.

लाइनर जमिनीवर ताडपत्री अंथरून सपाट पसरतात. एका टोकाने रेझिन ओततात, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम पंपाने हवा ओढतात आणि दोन रुळांमधून तो पुढे सरकवतात. सपाट नळीत कापडाचे दोन पदर असतात, म्हणून रुळांतली फट लाइनरच्या जाडीच्या दुपटीएवढी: ३ मिलिमीटरला ६. इथे खाली वाकून बघा. रेझिनला रंग असतो, कापड पांढरं. कुठे तांदळाएवढे पांढरे ठिपके राहिले असतील तर तिथे हवा अडकलीय. तो भाग पुन्हा रुळांतून काढायला सांगा.

सदऱ्याची बाही आतून ओढून उलटी करावी, तसा लाइनर हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने पाइपात उलटत जातो. रेझिनची बाजू जुन्या पाइपाला चिकटते, प्लास्टिकची बाजू आत येते. दाब किती ठेवायचा हे लाइनर बनवणारा सांगतो, घरगुती लाइनला तो बहुधा अर्ध्या-पाऊण बारच्या घरात असतो. पाण्याने उलटवायचं तर १ मीटर उंचीचं पाणी म्हणजे फक्त ०.१ बार. म्हणून छोट्या कामात लाइनर गुंडाळून हवेच्या दाबाने सोडणारा ड्रमच बरा पडतो. शेवटचं टोक उघडं असेल तर आतून फुग्यासारखी दुसरी नळी घालून दाब धरून ठेवतात.

आता थांबायचं. साध्या हवेत घट्ट होणाऱ्या रेझिनला काही तास लागतात, गरम पाणी किंवा वाफ वापरली तर वेळ कमी होतो. या काळात घरातला एकही नळ लाइनमध्ये पाणी सोडता कामा नये. आदल्या रात्री कपडे धुऊन घ्या, संडासाची सोय शेजारी करा, वॉशिंग मशीनचा प्लगच काढून ठेवा. वरच्या मजल्यावर भाडेकरू असतील तर त्यांना तोंडी नव्हे, दाराला चिठ्ठी लावून सांगा. उरलेलं रेझिन एका कपात ओतून चेंबरमध्येच दोरीने लोंबकळत ठेवा. कप उन्हात ठेवला तर तो आधी घट्ट होतो आणि फसवतो, कारण जमिनीखाली गारवा असतो. कपातल्या रेझिनमध्ये नख रुतत नाही आणि टिचकी मारली की टकटक आवाज येतो, त्यानंतरच दाब हळूहळू सोडायचा.

कामातलं काही वगळलं जातं ते बहुतेक इथेच. लाइनरने वाटेतले सगळे जोड झाकलेले असतात: न्हाणीचा, मोरीचा, दुसऱ्या संडासाचा. आधी लिहून ठेवलेल्या अंतरांवर हवेवर चालणाऱ्या छोट्या कटरने ती तोंडं उघडायची. एक जरी राहिलं तर संध्याकाळी त्या न्हाणीत पाणी वर येतं. चुकीच्या जागी भोक पडलं तर नवा पाइप पहिल्याच दिवशी गळका. शिवाय चेंबरमधली लाइनरची टोकं सरळ कापून एपॉक्सी पुट्टीने किंवा पाण्याने फुगणाऱ्या रबरी कडीने बंद करावी लागतात. ते केलं नाही तर जमिनीतलं पाणी जुना पाइप आणि लाइनर यांच्या फटीतून चालत येऊन चेंबरमध्ये गळत राहतं, आणि सगळा खर्च करूनही चेंबर पूर्वीसारखंच ओलं.

व्यास कमी होतो ही शंका रास्त आहे. १०० मिलिमीटरचा पाइप ९४ होतो, म्हणजे जागा सुमारे १२ टक्क्यांनी घटते. पण खरबरीत, सांध्यांवर अडणाऱ्या पाइपाऐवजी सलग गुळगुळीत नळी मिळते, त्यामुळे वाहून जाणारं पाणी सहसा कमी होत नाही. ४५ अंशांच्या वळणात लाइनर नीट बसतो. ९० अंशांच्या आखूड वळणात आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि त्यात कागद, केस अडकतात. असं वळण लाइनमध्ये असेल तर तिथे चेंबर काढून लाइनर दोन तुकड्यांत घ्या.

वेळ कोणती? फेब्रुवारी ते एप्रिल. जुलैत खानापूरकडे किंवा बळ्ळारी नाल्याजवळच्या सखल भागात जमिनीतलं पाणी पाइपाच्या वर चढलेलं असतं. सांध्यातून धार येत असताना लाइनर घातला तर ती रेझिन धुऊन नेते. करायचंच झालं तर आधी पातळ प्लास्टिकची बाहेरची नळी घालावी लागते किंवा धार बंद करावी लागते. दोन्हींत खर्च आहे.

एकाच जागी ठिगळ

दहा मीटरमध्ये एकच सांधा उघडा असेल तर पूर्ण लाइनर घेऊ नका. काचतंतूंची चटई पाइपाच्या परिघापेक्षा थोडी रुंद कापतात, म्हणजे गुंडाळताना काठावर काठ येतो, आणि लांबी दोषाच्या दोन्ही बाजूंना किमान वीतभर जास्त ठेवतात. तिला सिलिकेट रेझिन चोळून, प्लास्टिक लावलेल्या रबरी फुग्यावर गुंडाळतात. फुगा दांड्याने नेमक्या अंतरावर नेऊन फुगवतात आणि रेझिन घट्ट झालं की काढून घेतात. सिलिकेट ओलसर भिंतीलाही धरतं, म्हणून ते इथे वापरतात. जोखीम एकच: दांड्यावर अंतराची खूण चुकली की ठिगळ चांगल्या पाइपावर बसतं. त्यामुळे फुग्याच्या मागे कॅमेरा हवाच.

जुना पाइप फोडून नवा ओढणे

४ इंची लाइन अपुरी पडतेय आणि ६ इंची हवी, किंवा पाइपाचे तुकडे झालेत पण उतार शाबूत आहे, तिथे ही पद्धत. दोन टोकांना दोन खड्डे: एक दीड-दोन मीटर लांब, नव्या पाइपाला वाकून आत शिरायला, दुसरा मीटरभर, ओढण्याच्या यंत्राला. तारेच्या टोकाला पोलादी शंकू, त्याच्या मागे जोडलेला एचडीपीई, म्हणजे वाकणाऱ्या प्लास्टिकचा, पाइप. शंकू जुना पाइप फोडून तुकडे मातीत दाबतो आणि नवा पाइप मागोमाग येतो. पाइप आयएस १४३३३ या सांडपाण्याच्या मानकाचा आहे का ते त्यावरच्या छपाईत बघा.

काळ्या मातीत हे सहज होतं, पण लाइन उथळ असेल तर वरची फरशी फुगून उठते. जांभ्यात उलट. तिथे जुना चर घट्ट कापलेला असतो, तुकड्यांना सरकायला जागाच नसते आणि व्यास वाढवायला गेलं की शंकू अडकतो. जांभ्यात व्यास तेवढाच ठेवा. पिण्याच्या पाण्याची लाइन हातभर अंतरावर असेल तर ही पद्धत विसरा, गल्लीत बहुतेक वेळा असतेच. ओढलेला एचडीपीई ताणलेला असतो, रात्रभर तो आकसतो. म्हणून चेंबरचे जोड दुसऱ्या दिवशी करायचे, त्याच संध्याकाळी नाही.

ठेकेदाराशी बोलताना

दरपत्रकात या गोष्टी स्वतंत्र लिहून घ्या: सफाई, आधीचं आणि नंतरचं चित्रीकरण, लाइनरची जाडी मिलिमीटरमध्ये, रेझिनचा प्रकार, किती जोड उघडायचे, टोकं बंद करणं. ‘संपूर्ण काम’ अशा एका ओळीच्या दरात जोड उघडण्याचे पैसे नंतर वेगळे मागितले जातात. यंत्रसामग्री लांबून येणार असेल तर तिच्या फेरीचा खर्च मोठा असतो. एका बोळातल्या दोन-तीन घरांनी मिळून काम काढलं तर तो वाटला जातो. तशीही त्या घरांच्या लाइनी एकाच वयाच्या असतात.

घराच्या हद्दीबाहेरचा तुकडा आणि यूजीडीचा मॅनहोल यांना नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावू नका. कार्यालयातला अर्ज कन्नडमध्ये असतो, पण रेखाचित्र सगळ्यांना वाचता येतं. चेंबर, अंतरं आणि रस्त्याची कड दाखवणारा हाताने काढलेला साधा नकाशा जोडला की हेलपाटे कमी होतात.

आणि चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायचा नाही, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. मागोमाग वाचवायला उतरणाराही तिथेच राहतो. संरक्षक साधनांशिवाय कुणालाही असं उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात घरमालकही अडकतो. वर सांगितलेलं सगळं काम वरून, दांड्याने आणि दोरीने होतं. उतरावंच लागेल असं सांगणाऱ्याकडे योग्य अवजारं नाहीत.

काम झाल्यावर

पैसे देण्याआधी पाण्याची तपासणी पुन्हा करा, तीच खूण, तोच अर्धा तास. नंतरचं चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यात चार गोष्टी बघा: सुरकुत्या, पांढरे कोरडे पट्टे, नीट गोल कापलेले जोड आणि दोन्ही टोकांच्या कडा. कटरने उडालेले तुकडे लाइनमध्ये राहिले असतील तर धुऊन काढायला लावा. यापुढे कांब घालायची वेळ आली तर टोकाला लोखंडी आकडा लावलेली नको, तो लाइनर ओरबाडतो.

खरी परीक्षा जुलैत. रात्रभर झड लागलेली असेल त्या पहाटे, घरात कुणी नळ सोडायच्या आधी, दोन्ही चेंबरची झाकणं उघडा आणि वरूनच टॉर्च मारा. वरच्या चेंबरमध्ये काही येत नसताना खालच्या चेंबरमध्ये स्वच्छ पाण्याची दोऱ्यासारखी धार दिसली तर ती सांडपाण्याची नाही, जमिनीतली आहे. धार लाइनरच्या आतून येतेय की बाहेरच्या कडेने, तेवढं मोबाइलवर टिपा आणि ठेकेदाराला त्याच दिवशी पाठवा.